सुकलालच्या मशीनचं बटण

सुकलाल, तुझं मशीन आता बटणानं बंद होतं. बटण खाली ओढलं की गप्प. चोक द्यावा लागत नाही, वाट बघावी लागत नाही, शिव्या तर मुळीच द्याव्या लागत नाहीत. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगायला मला वेळ लागणार आहे. त्या बटणात माझी एक चूक होती. ती तुला तू असताना सांगायला हवी होती. आता तू ऐकायला नाहीस, आणि मला तोंड फुटलं आहे. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. दाढीचा साबण गालावर तसाच होता. आरशासमोर खाली बसलास तो उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. मला ते पटलं. तुला त्रास झाला असता तर अर्ध्या सारंगखेड्याला ऐकू गेलं असतं. मशीनच्या आवाजानं तुझे कान गेले होते आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तू गावाशी ओरडून बोलायचास. तुझ्याशी गुपित बोलायचं म्हणजे दवंडी पिटायची. मी तुला जे सांगितलं नाही, त्याला हेही एक कारण आहे, असं मी स्वतःला समजावत आलो. तेवढं खरं नाही. आपण दोघंच तापीच्या काठावर कितीदा बसलो. तिथे ओरडलो असतो तरी कोण ऐकणार होतं?

आपल्या यात्रेत लोक घोडे घ्यायला येतात. तू मशीन घेऊन आलास. गुजरातकडचा कुणी जुन्या अवजारांचा व्यापारी पाल ठोकून बसला होता आणि त्याच्या ढिगात ही झाडं कापायची विलायती चेनसॉ पडली होती. लोखंडी अंगाची, जड, आपल्या बापाच्या वयाची, कंपनीचं नाव घासून गेलेली. तू तिची साखळी अशी तपासलीस, जसे लोक घोड्याचे दात बघतात. घरी नेलीस तेव्हा मंगलावहिनी ओट्यावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घोडाच लई येतात तं बरं व्हतं. लीद तरी खतले कामले येती." पण पुढच्या आठवड्यात तुझ्याबरोबर बांधावर दोर घेऊन त्याच उभ्या राहिल्या. झाड कुठल्या अंगाला पाडायचं ते तू ठरवायचास, आणि दोर ओढून त्याला त्या अंगाला न्यायचं काम त्यांचं. मजूर लावून बघितलेस, पण तुझं ओरडणं सहन करणारं दुसरं माणूस मिळालं नाही.

दोनेक वर्षांनी मशीन मधेच बंद पडायला लागलं. झाड अर्धं कापलेलं, आणि मशीन मेलं. तू ते माझ्या दुकानात आणलंस. मी मोटर वायंडिंगवाला. स्टँडजवळ बसून पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधणारा माणूस. पेट्रोलच्या मशीनमधलं मला काही कळत नाही, असं तेव्हा म्हणायला हवं होतं. पण दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली होती, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला आमच्या धंद्यात वेळ लागत नाही.

मी झाकण उघडलं. बटणाकडून दोन तारा आत जात होत्या. एक कॉइलकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या गुंडाळीकडे. तिच्यावरचं रबर झिजलं होतं आणि उघडी तार मधूनमधून लोखंडाला टेकत होती. मशीन मरायचं ते त्यामुळे. ती मी बदलली, आणि ते काम बरोबर होतं. पण दुसरी तार थेट मशीनच्या अंगाला स्क्रूनं आवळलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं. आमच्या धंद्यात चालू तार बॉडीला लागली की माणूस जातो. पंपाला चिकटून गेलेली माणसं तू आणि मी शेतातून उचलून आणली आहेत. मी ओरडलो, "हाऊ कोन शहाना? बॉडीले तार लाई दिन्ही!"

"मंग?" तू विचारलंस.

"मंग काय! मरशी एक दिवस."

मी ती तार कापली. तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली, एकदा नाही, दोनदा, आणि ती आत दाबून टाकली. मशीन चालू केलं, आणि ते मरेना. तू खूश. तिथल्या तिथे सगळ्यांना भजी आणलीस. मग मी बटण ओढलं, तर मशीन थांबेना. चार लोकांसमोर मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. म्हणालो, बटणच गेलं, एवढं जुनं बटण आता मिळायचं नाही. तू हात झटकलास. "ऱ्हाऊ दे. चालनं पाहिजे. बंद काय, कव्हय तरी व्हईच."

तेव्हापासून तू चोक देऊन मशीन बंद करायला लागलास. चोक दिला की पेट्रोल जास्त होऊन मशीन गुदमरायचं आणि थांबायचं, पण मग गरम मशीन लवकर चालू व्हायचं नाही. दोरी ओढून ओढून खांदा निघायचा. म्हणून तू दोन कामांच्या मधे ते बंद करणंच सोडलंस. चालूच खाली ठेवायचास. ते जमिनीवर गुरगुरत राहायचं, साखळी हळूहळू सरकत राहायची, आणि तू झाडाला खांदा द्यायला पुढे जायचास. हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मीही पाहिलं होतं.

मग ते नदीकडच्या बांधावरचं निंबाचं झाड. पाऊस होऊन गेलेला, माती निसरडी. तू काप घेतलास, मशीन मागे ठेवलंस, खोडाला रेटा दिलास. वहिनींनी दोर ओढला. झाड गेलं. तू मागे सरलास, टाच घसरली, आणि पाय साखळीवर गेला. मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा वहिनी लुगड्याचा पदर तुझ्या घोट्याभोवती दाबून बसल्या होत्या, आणि मशीन अजून चालूच होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मला आधी चोक सापडेना. मी सवयीनं बटणच ओढत राहिलो.

शहाद्याला दवाखान्यात तू शुद्धीवर होतास. मी रडत होतो. तू म्हणालास, "तू काब्र रडी ऱ्हायना? पाय मन्हा शे." तुझी टाचेवरची धोंडशीर तुटली होती. पुढे बरा झालास, पण उजवा पाय ओढत चालायला लागलास. कुणी विचारलं की एकच उत्तर द्यायचास, पाय घसरला. मशीनचं नाव कधी घेतलं नाहीस. झाडाचं नाही, मातीचंही नाही.

तोपर्यंत मलाही माझी चूक माहीत नव्हती. शपथेवर सांगतो. ती कळली त्यानंतर पाच वर्षांनी. कुणाचा तरी पेट्रोलचा फवारणी पंप दुकानात आला. त्याचं झाकण उघडलं तर बटणाची एक तार बॉडीला आवळलेली. नवाकोरा पंप, म्हणजे आधी कुणी हात लावलेला नाही. मी स्क्रू सैल करून बघितलं. पंप चालला, पण बटणानं थांबेना. स्क्रू आवळला, थांबला. पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. आमच्या मोटारीत तार जोडली की चालतं आणि तोडली की थांबतं. या मशीनात उलटं आहे. बटण दाबलं की कॉइलचा करंट त्या तारेवाटे बॉडीत उतरतो, ठिणगी पडत नाही आणि मशीन मरतं. त्या तारेत माणूस मारण्याइतकं काही नसतं. ती मशीन मारायलाच लावलेली असते. म्हणजे तुझं बटण कधीच गेलेलं नव्हतं. मी ते तोडलं होतं. त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढून आत बसून राहिलो.

मी तेव्हा तुझ्याकडे यायला हवं होतं. तुझं घर दुकानापासून किती लांब? बिडी संपायच्या आत येतं. आलोही. तू खाटेवर पाय लांब करून साखळीला कानस मारत होतास. मी म्हणालो, मशीन दे, बटण करून देतो. तू म्हणालास, "चालू शे ना? मंग हात लावू नको." त्यानंतर सात वर्षं आपलं हे भांडण चाललं. मी दर दोन महिन्यांनी मशीन मागायचो, तू द्यायचा नाहीस. मी चिडायचो, तू हसायचास. एकदा तर मी तुला हट्टी गाढव म्हणालो आणि आपण महिनाभर बोललो नाही. मी कारण सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे मशीन पुढे केलं असतंस, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझा सगळा जोर होता तो कारण न सांगता काम उरकण्यावर. सुकलाल, मला भीती वाटत होती. पायाची नाही. तू ऐकून हसशील आणि म्हणशील, ऱ्हाऊ दे, याची. तू माफ केलं असतंस आणि मग मला तुझ्याबरोबर चहा प्यावा लागला असता.

तुझ्याबद्दल गाव आता बरंच चांगलं बोलतं. त्यातलं अर्धं खोटं आहे. तू वेळेवर कधी आला नाहीस. दोन मिनिटं म्हणालास की माणसानं जेवून घ्यावं. मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून हिंडायचास, भुसा मानेत जातो म्हणून, आणि डोळ्यांना चष्मा लाव म्हटलं तर दिसत नाही म्हणायचास. पण गावात कुणी गेलं की पहिलं लाकूड तुझ्याकडून यायचं, सांगावं लागायचं नाही. माझ्या आईच्या वेळी मी घरात सुन्न बसलो होतो आणि तू गाडी भरून नदीवर पोचलाही होतास. त्याबद्दलही मी तुला काही बोललो नाही. बोलायची आपल्यात पद्धत नव्हती. तू गेलास त्या दिवशी लाकूड कुठून आणायचं असं कुणीतरी विचारलं, तेव्हा वहिनींनी परसाकडे बोट दाखवलं. तू लाकडं फोडून रचून ठेवलेलीच होती. आम्ही तीच नेली.

दहाव्याला तापीवर कावळा शिवेना. तुला हसू आलं असतं. अर्धा तास सगळे आभाळाकडे बघत उभे. भावकीतले एकेक जण पुढे होऊन तुला वचन देऊ लागले. पोरीच्या बाळंतपणाचं बघू, बांधाचा वाद मिटवू, वर्षश्राद्ध नीट करू. कावळा समोरच्या बाभळीवर बसून मान वाकडी करून ऐकत होता. शेवटी वहिनी पुढे झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मशीन इकनं नही. मी चालावसू." नेमक्या त्याच वेळी मीही मनात म्हणालो, बटण नीट करून देतो. कावळा उतरला. तो कुणाचं ऐकून आला ते मला माहीत नाही. पण भावकीनं आदल्या दिवशी मशीनला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, आणि कावळ्यानं शिक्का मारल्यावर त्यांना तोंड उघडायला जागा राहिली नाही.

तेराव्यानंतर वहिनी गोणपाटात मशीन गुंडाळून दुकानात आल्या. बाकावर ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी इतला वरीस दोर धरेल शे. मशीन कशी धरनी, माले माहीत शे. पन ती चालू खाले ठेवानी माले भ्याव वाटस. बटन करी द्या." बस, एवढंच. त्या मशीन चालवणार, आणि त्यांचेही दोन पाय आहेत.

मी झाकण उघडलं. आत चौदा वर्षांचा भुसा आणि तेल एकत्र होऊन खरवस थापल्यासारखं बसलं होतं. ते खरवडून काढलं, तर खाली माझी टेप. काळी, चिकट, दोन वेढे दिलेली. वायंडिंगवाल्याला स्वतःचा पीळ ओळखता येतो, सही ओळखावी तसा. मी ती टेप सोडवली नाही, तार मुळापासूनच काढली. बटण खोलून त्याला पॉलिश पेपर मारला. आत पितळ चकचकीत निघालं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. कॉइलकडची तार नवी घातली, तिच्यावर मोटारीला वापरतो ती फायबरची नळी, स्लीव्ह, चढवली, म्हणजे गरम अंगाला लागली तरी जळायची नाही. दुसऱ्या नव्या तारेच्या टोकाला लग, म्हणजे पितळी कडी, लावून ती बॉडीला आवळली, जिथे ती आधी होती तिथेच. वहिनी समोर बसून बघत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि पाना मागितला.

चालू केलं, बटण ओढलं, थांबलं नाही. मी स्क्रू पुन्हा खोलला. मग लक्षात आलं, स्क्रूखाली रंग आहे, आणि रंगातून करंट जात नाही. कुणीतरी मधे मशीनला हिरवा ऑइलपेंट फासला होता. कुणीतरी म्हणजे तू, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना उरलेला. चाकूनं खरवडून लोखंड उघडं केलं, पुन्हा आवळलं. वहिनी म्हणाल्या, दोरी मी ओढते. तिसऱ्या ओढीला मशीन लागलं. त्यांनी अंगठ्यानं बटण खाली केलं. मशीन जागच्या जागी गप्प. रस्त्यावरची रिक्षा ऐकू यायला लागली.

त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हाई इतलंच व्हतं?"

मी हो म्हणालो. सांगायला इतकी सरळ संधी कुणाला मिळत नाही. मी हात पुसत राहिलो. त्यांनी मशीन गोणपाटात गुंडाळलं, काही द्यायचं का विचारलं, मी रागानं नाही म्हणालो, आणि त्या गेल्या. राग कुणाचा होता ते तू ओळखशील.

परवा सकाळी फोन आला. वहिनी बांधावर होत्या, पहिलं काम. "ऐका," म्हणाल्या आणि फोन बहुतेक कुठेतरी ठेवला. मशीनचा आवाज आला, लाकडात शिरल्यावर जाडा होतो तो, मग मोकळा झाला, आणि एकदम थांबला. कुठेतरी टिटवी ओरडत होती. "ऐकं का भाऊजी? मी खाले ठेवानं पहिले बंद करं."

तेव्हा मी सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी सांगितलं. तार मी कापली होती, बटण चांगलं होतं, मला सात वर्षांपासून माहीत आहे. ते निंबाचं झाड पडलं तेव्हा मशीन बंद असतं तर सुकलाल नुसता घसरला असता, कपडे मळले असते, इतकंच.

पलीकडे टिटवी पुन्हा ओरडली. मग वहिनींचा आवाज आला, बारीक, मी कधी ऐकला नव्हता तसा. "दोर मी लवकर सोडी दिन्हा, म्हनीसन त्या मांगे सरकनात. इतला वरीस माले आशेच वाटे. त्या म्हनेत, पाय घसरना, पाय घसरना. माले वाटे, मन्हाकरता म्हंतस."

सुकलाल, मी आजवर समजत होतो की मी गप्प बसलो त्याचा हिशेब तुझ्यामाझ्यात आहे. आपण दोर लवकर सोडला म्हणून तू घसरलास असं समजून त्या बाईनं बारा वर्षं तुझा ओढत चाललेला पाय स्वतःच्या हातावर घेतला होता आणि रोज तुझ्या मागून दोर घेऊन चालत होती. मी एक वाक्य बोललो असतो तर तिच्यावरून ते ओझं उतरलं असतं. मला माफ कर असं तुला म्हणणं सोपं आहे, तू कुठे नाही म्हणणार! त्यांना ते अजून म्हटलेलं नाही.

"त्यास्ले सांगं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"नही."

"मंग त्यास्लेबी सांगा." नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला, तुझ्या घरातला, मोठा. "आनी आते इकडे या. आजून एक झाड शे. दोर धराले माणूस नही."

त्यांनी सांगितलं म्हणून हे लिहितो आहे. तार मी कापली होती, सुकलाल. तुझा पाय माझ्यामुळे गेला.

परवा फोन ठेवला आणि मी गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून गेलो. बाभूळ होती, बांधावर कललेली. वहिनींनी साडीचा काचा मारला होता आणि तुझा मफलर गळ्याला गुंडाळला होता. दोराचं टोक माझ्या हातात दिलं, कुठे उभं राहायचं ते ढकलून दाखवलं आणि काप घ्यायला खाली वाकल्या. दोर धरणाऱ्यानं शेंड्याकडे बघायचं असतं, झाड कधी हलतं ते तिथे आधी कळतं. मला ते माहीत होतं. मशीन सुरू झालं, भुसा उडायला लागला. मग मशीन बंद झालं, खाली टेकलं, आणि त्या खोडाला हात लावून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, मन्हा पायस्कडे काय दखी ऱ्हायनात? वर दखा!"